सणाची गाणी, नवी तबकडी आणि आपल्या मंडळाचा जुना संच



गेल्या डिसेंबरात आपल्या एका सभासदांच्या मुलाने अमेरिकेहून एक छायाचित्र पाठवले. लाल रंगाची, आरपार दिसणारी तबकडी, आणि वेष्टनावर बिंग क्रॉस्बी या जुन्या गायकाचा चेहरा. नाताळची गाणी. सोबत निरोप असा की, बाबा, तुम्ही ज्या वस्तू माळ्यावर टाकल्यात त्या इथे लोक नव्या कोऱ्या विकत घेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. हे छायाचित्र मासिक बैठकीत हातोहात फिरले. कोणी म्हणाले, मोबाइलवर फुकट ऐकू येते त्याला पैसे कशाला? कोणी विचारले, हे क्रूनर म्हणजे काय? आणि एका ज्येष्ठ सभासदांनी आमच्याकडे वळून विचारले, "साहेब, आपला गीतरामायणाचा संच कुठे आहे?"

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही. कारण सांगतोच, पण पहिल्या दोन प्रश्नांपासून सुरुवात करू.

क्रूनर म्हणजे मायक्रोफोनजवळ हलक्या आवाजात, कानाशी बोलल्यासारखे गाणारा गायक. ही गायकी यंत्रामुळे जन्माला आली. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रण करताना गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गावे लागे. आपल्याकडे १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले ते याच पद्धतीने. नाटकातल्या गायकाला तर ध्वनिवर्धकच नव्हता, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत आवाज पोचवणे हीच त्याची पहिली परीक्षा. विजेवर चालणारे मुद्रण आले आणि कुजबुजसुद्धा टिपता येऊ लागली. अमेरिकेत त्यातून क्रॉस्बी तयार झाले. मराठीत त्याच सोयीतून भावगीत फुलले. जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांनी वाट घातली. पुढे आपल्या इंदूरचे अरुण दाते आले, ते शिक्षणाने कापड गिरण्यांचे अभियंते. गिरणीच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट सांगताना थोडा अभिमान वाटतो. आणि तासाभराच्या रेल्वे अंतरावरच्या खंडव्याच्या किशोरकुमारांना क्रूनर म्हणायचे की नाही यावर चहाच्या दोन फेऱ्या सहज होतील. त्यांची हळू गाणी ऐकून आम्ही तरी हो म्हणू.

आता क्रॉस्बींकडे. 'व्हाइट ख्रिसमस' हे त्यांचे गाणे आयर्विंग बर्लिन यांनी लिहिले आणि २९ मे १९४२ रोजी मुद्रित झाले. बर्फाचे गाणे मे महिन्यात! बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात बसून हे वाचणाऱ्याला त्याची मजा जास्त कळेल. ते युद्धाचे दिवस होते, घरापासून दूर गेलेल्या सैनिकांनी ते उचलून धरले. त्याच्या पाच कोटी प्रती खपल्या असा अंदाज गिनेस बुकात दिलेला आहे. पण खरी गंमत पुढे आहे. मागणी इतकी होती की ज्या मूळ साच्यावरून प्रती काढत तो साचाच झिजला. म्हणून १९ मार्च १९४७ रोजी तेच गाणे, तसेच, पुन्हा गाऊन घेण्यात आले. आज जगभर डिसेंबरात जे ऐकू येते ते बहुतेक ठिकाणी हे दुसरे मुद्रण आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मूळ दस्तऐवज वापरून वापरून फाटला आणि पक्षकाराला बोलावून नवा करून घेतला. सही तीच, पण कागद दुसरा.

हे वाचले तेव्हा आम्हाला लगेच गीतरामायण आठवले, कारण तिथेही असेच काहीसे झाले आहे.

गीतरामायण १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणी पुणे केंद्रावरून सुरू झाले आणि पुढच्या रामनवमीपर्यंत, म्हणजे १९ एप्रिल १९५६ पर्यंत चालले. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. दोघेही १९१९ सालचे, म्हणजे तेव्हा जेमतेम पस्तिशीचे. आठवड्याला एक याप्रमाणे बावन्न गीते व्हायची, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि ती छप्पन्न झाली. आपल्या आधीच्या पिढीतले लोक त्या वेळेला रेडिओला हार घालून बसत, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी घरी ऐकली असेल.

पण रेडिओवरची ती गीते एकट्या बाबूजींनी गायलेली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, राम फाटक, ललिता फडके अशा अनेकांचे आवाज त्यात होते. ज्या पात्राच्या तोंडी गीत, त्याप्रमाणे आवाज. पुढे एचएमव्हीने जो दहा एलपींचा संच काढला, त्यात मात्र सर्व छप्पन्न गीते बाबूजींच्या एकाच आवाजात आहेत. सीताही तेच, कौसल्याही तेच, हनुमानही तेच. आज मराठी घरात 'गीतरामायण' म्हटले की कानात जे वाजते ते हेच दुसरे मुद्रण. तबकडी जी गोष्ट जपते तीच पुढच्या पिढीला मूळ वाटू लागते, मग ती पहिली असो वा दुसरी. एका सभासद भगिनींनी विचारले की यातले अस्सल कोणते. आमचे मत, दोन्ही. पण रेडिओवरचे अनेक आवाजांचे गीतरामायण जर कोणी नीट तबकडीवर काढले, तर तो संच घेण्यासाठी आम्ही स्वतः रांगेत उभे राहू.

आता "पुन्हा काढणे" म्हणजे नेमके काय करतात ते पाहू. कारण किंमत त्यावर ठरते, आणि फसवणूकही तिथेच होते.

आपल्या आजोबांच्या वेळच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेत. त्या लाखेच्या असत. लाखेत दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळत. ही लाख पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून मिळते आणि जगाला ती मुख्यतः भारतातूनच जात असे. म्हणजे क्रॉस्बींच्या पहिल्या तबकडीत आपल्या मध्य भारतातल्या एखाद्या पळसाचा अंश असणे अगदी शक्य आहे. या तबकड्या पडल्या की फुटत, आणि एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत. म्हणूनच जुनी गाणी तेवढ्या लांबीची. जास्त गाणी द्यायची तर अनेक तबकड्या पुठ्ठ्याच्या बांधीव वहीत घालून देत, आणि ती वही म्हणजे अल्बम. क्रॉस्बींची नाताळची गाणी १९४५ साली अशीच पाच तबकड्यांच्या अल्बममध्ये निघाली. १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची, व्हिनाइलची एलपी आली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे बसू लागली. वही गेली, नाव मात्र राहिले. क्रॉस्बींचा तोच अल्बम १९४९ मध्ये छोट्या एलपीवर आणि १९५५ मध्ये वाढीव गाण्यांसह बारा इंची एलपीवर आला. पुनर्मुद्रणाची ही परंपरा आजची नाही, हे यावरून लक्षात येईल.

एलपी कशी बनते? मूळ ध्वनिफितीवरचा आवाज एका यंत्राच्या टोकदार पात्याने मऊ लेप दिलेल्या चकतीवर खाचेच्या रूपाने कोरतात. त्या चकतीवर चांदीचा पातळ थर देऊन मग निकेल चढवतात, तो थर सोलून काढला की उलटी प्रतिमा मिळते. तिच्यावरून पुढची, आणि शेवटी छापण्याचा साचा. दोन साच्यांमध्ये तापवलेल्या व्हिनाइलचा गोळा दाबला की तबकडी तयार, वरण-बट्टीच्या गोळ्यासारखी नव्हे तर पापडाच्या यंत्रासारखी. आपल्याकडे हे काम कोलकात्याजवळ दमदमला एचएमव्हीच्या कारखान्यात होई. हीच कंपनी २००० साली सारेगामा झाली. कॅसेट आणि मग सीडी आली आणि नव्वदच्या दशकात तबकड्यांची छपाई थांबली. पुढे ज्या नव्या आवृत्त्या निघाल्या त्या परदेशातून छापून येत. अलीकडे मुंबईत पुन्हा छपाई सुरू झाली आहे. अमेरिकेत तर २०२२ मध्ये सीडीपेक्षा एलपी नगाने जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच.

नवी आवृत्ती घेताना दुकानदार तीन गोष्टी सांगतो. एक, १८० ग्रॅम वजन. जाड तबकडी सहज वाकत नाही हे खरे, पण वजनाने आवाज गोड होत नाही. दोन, रंग. लाल, हिरवी, बर्फासारखी पांढरी. दिसायला सुरेख. गाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. तीन, मर्यादित प्रती. हे वाक्य आम्ही बँकेत "शेवटचे काही दिवस" या शब्दांत बरेच ऐकले आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर खरोखर हवे तो दुकानदार सांगत नाही, तो आपणच विचारायचा: ही तबकडी कशावरून कोरली? मूळ फितीवरून, की सीडीसाठी केलेल्या डिजिटल प्रतीवरून? दुसरे असेल तर आपण मोठ्या सुंदर वेष्टनात सीडीच विकत घेतो आहोत. त्यातही आनंद असेल तर जरूर घ्यावी. भेट द्यायला ती छानच. फक्त "मूळ आवाज" म्हणून जादा पैसे देऊ नयेत.

जुनी तबकडी घेताना वेगळी काळजी. आणि इथे आम्हाला आमची चूक सांगितली पाहिजे.

मंडळाचा गीतरामायणाचा संच एका काकूंनी दिला. काका गेले, काकू मुलाकडे पुण्याला राहायला निघाल्या, तेव्हा घरातले बरेच सामान भंगारवाल्याकडे गेले, पण हा दहा तबकड्यांचा संच त्यांनी स्वतः रिक्षातून आणून दिला. सोबत एकच अट, दर रामनवमीला वाजवायचा. पहिली दोन वर्षे आपण वाजवला. मग ज्यावर वाजवत होतो ते यंत्र बिघडले. संच आमच्या घरी आला आणि आम्ही तो गच्चीलगतच्या खोलीत, कपाटावर, आडवा ठेवून दिला. वर दोन जाड रजिस्टरे. बुऱ्हाणपूरचा उन्हाळा काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. डिसेंबरच्या त्या बैठकीनंतर संच उघडला तर नऊ तबकड्या ठीक होत्या आणि एक ताटलीसारखी कडेने उचललेली. नेमकी ती, जिच्यावर वनात भेटायला आलेल्या भरताला राम समजावतो ते गीत आहे. ज्या घरात कोणी गेले आहे त्या घरात ते गीत का लावतात हे मराठी माणसाला माहीत असते. काका गेल्यानंतर काकू तेच लावत असत.

काच वर, काच खाली, मध्ये तबकडी आणि त्यावर वजन असा उपाय महिनाभर केला. थोडा फरक पडला. पण वाकलेल्या तबकडीत कडेच्या भागाला सर्वात जास्त धक्के बसतात, आणि सुई कडेकडूनच सुरू होते. आतली गीते वाजली. कडेचे ते गीत उड्या मारत राहिले.

तेव्हा दुसरी प्रत शोधली. एका विक्रेत्याने (नाव लिहीत नाही) "पहिली छपाई" म्हणून साडेसहा हजार रुपये सांगितले, एका तबकडीचे. नंबर अगदी तोच होता. पण एचएमव्ही एकाच क्रमांकाने वर्षानुवर्षे प्रती छापत असे, त्यामुळे वेष्टनावरचा क्रमांक म्हणजे छपाईचे साल नव्हे. क्रमांकाआधीची अक्षरे फार तर एवढे सांगतात की ईसीएलपी म्हणजे मोनो आणि ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. खरी ओळख लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात असते. तबकडी उजेडात तिरपी धरली की तिथे कोरलेली अक्षरे आणि अंक दिसतात, ती साच्याची खूण. त्याचे छायाचित्र विक्रेता देईना. मग आम्ही वेष्टनाच्या मागच्या बाजूचे मागितले. तिथे कंपनीच्या इतर तबकड्यांची जाहिरात होती, आणि त्यातली एक पहिल्या छपाईनंतर बऱ्याच वर्षांनी आलेली. उद्याच्या तारखेचा शिक्का आजच्या पावतीवर कसा? एवढेच विचारले. व्यवहार अठराशेला झाला. नंतरची छपाई वाईट असते असे मुळीच नाही. आमची ती प्रत स्वच्छ वाजते. पण जे आहे त्याचेच पैसे द्यावेत.

हा सगळा खर्च आम्ही स्वतः केला, मंडळाच्या खात्यात तो शोधू नये.

याच सुमारास एका संग्राहकाने आपल्या संपूर्ण संचाला चांगली किंमत देऊ केली होती, हे काही सभासदांना माहीत आहे. सभागृहाच्या छताची गळती पाहता मोह पडण्यासारखी ती रक्कम होती, आणि विकावा म्हणणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. वाजवायचा नसेल तर ठेवायचा कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. बैठकीत मत विचारले तेव्हा आम्ही गप्प राहिलो, कारण तबकडी आमच्याच हलगर्जीपणाने वाकली होती. संच न विकण्याचे ठरले, पण एका अटीवर: वाजवायचा.

यंत्राबद्दल थोडक्यात. पेटीसारखे दिसणारे स्वस्त रेकॉर्ड प्लेअर बाजारात आले आहेत. नव्या लाल तबकडीवर हौस भागवायला ठीक. पण त्यांतल्या बऱ्याच यंत्रांची सुई तबकडीवर पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त भार टाकते, जिथे चांगल्या यंत्राला साधारण दोन ग्रॅम पुरतात. जुनी, न मिळणारी तबकडी अशा यंत्रावर लावू नये. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला सुई वेगळी लागते. एलपीची सुई तिच्यावर आणि तिची एलपीवर चालवली तर दोघींचे नुकसान. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, पुस्तकांसारख्या, फार घट्ट नाही. भिंतीला ऊन लागते त्या खोलीत तर नकोच. धरताना कडा आणि लेबल, मध्ये बोट नाही. धूळ मऊ कोरड्या ब्रशने खाचांच्या दिशेने गोल काढायची. खोबरेल लावून चकाकी आणलेली एक तबकडी आम्ही पाहिली आहे. कृपया असे करू नका, तेल खाचेत बसते आणि त्यावर धूळ.

यंदाच्या रामनवमीला दुपारचा जन्मोत्सव झाल्यावर संध्याकाळी राजघाटाजवळच्या एका सभासदांच्या ओसरीत आपण संच वाजवला. तीसेक माणसे असतील. शाही किल्ल्याच्या बाजूने तापीवरून वारा येत होता आणि ज्यांचे यंत्र उसने आणले होते ते तबकडीवर धूळ बसेल म्हणून सारखे उठत होते. काकूंना पुण्याला फोन लावून तो स्पीकरपाशी ठेवला. भरताचे गीत पूर्ण वाजले, एकदाही न अडखळता.

गीत संपल्यावर आम्ही विचारले, "काकू, नीट ऐकू आलं का?"

"आलं की. पण अरे, तिसऱ्या कडव्यानंतर आमच्याकडे टक् व्हायचं. ते नाही झालं."

तबकडी बदलल्याचे तेव्हा त्यांना सांगावे लागले. त्या रागावल्या नाहीत. वाकलेली तबकडी फेकली का, एवढे विचारले. फेकलेली नाही, संचातच ठेवली आहे. आता संचात अकरा तबकड्या आहेत.

ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या असतील, मग त्या मराठी असोत, हिंदी असोत की कोणाच्या घरातल्या नाताळच्या, त्यांनी भंगारात देण्याआधी एकदा कळवावे. लेबलवरचे नाव, क्रमांक आणि लेबलभोवतीची कोरीव अक्षरे कागदावर उतरवून आणली तरी पुरेल. यादी करण्याचे काम आम्ही घेतले आहे. तबकडी ज्याची त्याच्याच घरी राहील, पण आमच्या गच्चीलगतच्या खोलीत मात्र काही ठेवले जाणार नाही.